शेंगदाण्यापासून स्टुलापर्यंत : शरीरातील ऊर्जेचा प्रयोगसंच, कामाच्या नोंदी

काम : दहावीसाठी पाच टेबलांचा प्रयोगसंच. जुळणी बेळगावात, वापर खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या हायस्कुलांत. पाट्या मराठी आणि कन्नड दोन्हींत, कारण शेजारच्या कन्नड शाळाही संच मागून नेणार.

२४ जून २०२४

आराखडा पक्का केला. पचन, श्वसन आणि रक्ताभिसरण मुलांना तीन वेगळ्या विषयांसारखी पाठ असतात. पोटातल्या भाकरीचा आणि छातीतल्या धडधडीचा संबंध विचारला की वर्ग गप्प. म्हणून पाचही टेबलांवरून एकच हिशेब पुढे न्यायचा. दाण्यात ऊर्जा किती, ती आतड्यातून रक्तात कशी उतरते, रक्तात एका वेळी किती मावते, ती मोकळी करायला प्राणवायू किती लागतो आणि शेवटी स्टुलावर चढ-उतार करताना किती खर्ची पडते, या क्रमाने.

नियम एकच : प्रत्येक टेबलाचा आकडा किलोज्यूलमध्ये. बिस्किटाच्या पुड्यावरच्या किलोकॅलरीला ४.१८४ ने गुणायचे. बोलताना आपण जिला नुसती 'कॅलरी' म्हणतो ती प्रत्यक्षात किलोकॅलरी असते, हे पहिल्याच पाटीवर ठळक लिहायचे. ते राहिले तर पुढचा सगळा हिशेब हजारपटीने चुकतो.

नमुना म्हणून शेंगदाणा घेतला. घराघरात मिळतो, जवळपास निम्मे वजन तेलाचे असल्याने नीट पेटतो आणि वजन करण्याइतका मोठा असतो. गूळ वापरून उपयोग नाही, तो जळण्याआधी वितळून टपकतो. चुरमुरे भुरकन जळून जातात, पण तुलनेसाठी दाभणावर तीन-चार ओवून ठेवायला चालतील. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला विद्यार्थी या टेबलापाशी नको, धुराजवळही नको.

२७ जून

थर्मामीटर तपासले. बर्फाच्या पाण्यात सगळे शून्याच्या आसपास. उकळत्या पाण्यात मात्र १०० ची वाट पाहायची नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे आणि दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू अंदाजे १ अंशाने उतरतो, म्हणजे इथे पाणी ९७.५ °से. च्या जवळ उकळते. खानापूर त्याहून खाली असल्याने तिथे आकडा किंचित वर जाईल. एका थर्मामीटरने ९९ दाखवले. पाहणारा म्हणेल 'एक अंश कमी दाखवतोय', पण तो दीड अंश जास्त दाखवत होता. त्यावर लाल चिकटपट्टी लावली.

दाणा जाळण्याच्या प्रयोगात दोन वाचनांतला फरकच लागतो, त्यामुळे सगळीकडे सारखीच चूक असलेला थर्मामीटर तिथे चालून जातो. लाळेच्या टेबलावर ३७ म्हणजे ३७ च हवे. चांगले थर्मामीटर तिकडे दिले.

२ जुलै

टेबल १, पहिली जुळणी. शीतपेयाचा ॲल्युमिनियमचा रिकामा कॅन, त्यात मोजून १०० मिलिलिटर पाणी. खाली बुचात खोचलेले दाभण, टोकावर दाणा. दाणा आणि कॅनचा तळ यांत दोन सेंटिमीटर अंतर. वजनाला सराफी काटा, ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचणारा. दाणा कॅनपासून लांब धरून स्पिरिटच्या दिव्यावर पेटवायचा आणि ज्योत स्थिर झाली की लगेच कॅनखाली सरकवायचा. कॅनखालीच पेटवला तर दिव्याची उष्णताही पाण्यात मोजली जाते आणि उत्तर फुकट फुगते.

वाचन : दाणा आधी ०.५७ ग्रॅम, विझल्यावर उरलेला कोळसा ०.०७, जळाले ०.५० ग्रॅम. पाणी २४.५ वरून ३५.० °से. वाढ १०.५ अंश.

१०० × ४.१८ × १०.५ = ४३८९ ज्यूल, म्हणजे ४.४ किलोज्यूल. ग्रॅममागे ८.८. शेंगदाण्याचे पुस्तकी मूल्य १०० ग्रॅमला सुमारे ५६७ किलोकॅलरी, म्हणजे ग्रॅमला २३.७ किलोज्यूल. हातात आले जेमतेम ३७ टक्के.

पाणी कुठे मुरते ते शोधले. कॅन तापण्यात जाणारी उष्णता नगण्य आहे : १४ ग्रॅम ॲल्युमिनियमला अंशामागे सुमारे १३ ज्यूल, तर पाण्याला ४१८. तळावर जमलेली काजळी म्हणजे न जळलेला कार्बन, तेवढी ऊर्जा काजळीतच राहिली. पण खरी गळती बाजूने. ज्योत वाऱ्यावर झुकते आणि गरम हवा कॅनला वळसा घालून वर निघून जाते. पंखा बंद करूनही फारसा फरक पडला नाही, पावसाळी वारा खिडकीच्या फटींतून येतोच.

५ जुलै

बिस्किटाचा पत्र्याचा डबा तळाशी कापून आडोसा केला. हवा आत यावी म्हणून खालच्या कडेला बोटभर रुंद चार भोके. भोके नसतील तर ज्योत गुदमरते, काजळी वाढते आणि आडोसा असून नसल्यासारखा. कॅनवर पुठ्ठ्याचे झाकण, मधल्या छिद्रातून थर्मामीटर, त्याचा फुगा तळाला टेकू द्यायचा नाही. ज्योत विझली तरी पारा थोडा वेळ चढतच असतो, म्हणून पाणी ढवळून सर्वांत वरचा आकडा घ्यायचा.

जळाले ०.५२ ग्रॅम, वाढ १७.५ अंश, ७.३ किलोज्यूल. ग्रॅमला १४.१. पुस्तकी मूल्याच्या ५९ टक्के. पत्र्याच्या डब्यात याहून फार पुढे जाता येत नाही. आकडा जुळवण्यासाठी 'सुधारणा गुणक' लावायचा नाही असे ठरले. पाटीवर मोजलेले मूल्यही लिहायचे आणि पुस्तकी मूल्यही, मधला फरक मुलांनी समजावून सांगायचा.

या हवेत उघडे दाणे ओलावा धरतात. मग पेटताना तडतडतात, उडतात आणि पाण्याची वाफ करण्यातच उष्णता जाते. मंद आचेवर भाजून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवले. खारे दाणे नकोत.

शिक्षकांसाठीच्या पानावर एक मुद्दा घालायचा. जाळल्यावर मिळते ती सगळी ऊर्जा शरीराला मिळत नाही. पिष्ट आणि स्निग्ध पदार्थ दोन्हीकडे जवळपास पूर्ण जळतात, प्रथिनांचे तसे नाही. भट्टीत प्रथिने ग्रॅमला सुमारे ५.६ किलोकॅलरी देतात, शरीरात ४ च, कारण नायट्रोजन युरियाच्या रूपाने लघवीतून जातो आणि बरोबर थोडी ऊर्जा घेऊन जातो. प्रथिने, स्निग्ध आणि पिष्ट यांचे ग्रॅममागे ४, ९, ४ किलोकॅलरी हे आकडे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ ॲटवॉटरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असेच वजावट करून काढले. पुड्यावर छापतात ते हेच.

११ जुलै

टेबल २, लाळ आणि पिष्ट. एक ग्रॅम कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात ओतले आणि एकूण १०० मिलिलिटर केले. पेजेचे पाणीही चालते, पण त्याची तीव्रता प्रत्येक वेळी वेगळी, त्यामुळे दोन शाळांची वाचने ताडून पाहता येत नाहीत.

तोंड चूळ भरून साफ करायचे, लाळ दोन मिलिलिटर, तेवढेच पाणी. परीक्षानळीत ५ मिलिलिटर पिष्ट आणि १ मिलिलिटर ही पातळ लाळ. नळी ३७ °से. पाण्यात. दर अर्ध्या मिनिटाला एक थेंब काढून आयोडीनच्या थेंबावर. आयोडीन म्हणून जखमेवर लावतात ते पोव्हिडोन आयोडीन दहापट पातळ करून पुरते. थेंबांसाठी गोळ्यांची रिकामी पाकिटे घेतली. त्यांचे खळगे नेमके मापाचे असतात, फक्त खाली पांढरा कागद हवा. निळा-काळा रंग आधी जांभळट, मग तांबूस, शेवटी आयोडीनचाच पिवळा उरतो. मधला तांबूस रंग डेक्स्ट्रिनचा. पिष्टाची लांब साखळी तुटून मधले तुकडे झाले, हे तिथे डोळ्यांनी दिसते, म्हणून मुलांना शेवटच्या रंगाकडे धावू द्यायचे नाही.

चुका कुठे होतील ते तपासले :

लिंबू. 'जठरातल्या आम्लात लाळेचे विकर बंद पडते' हे दाखवायला बहुतेक जण लिंबू पिळतात. लिंबातले क जीवनसत्त्व स्वतःच आयोडीनचा रंग घालवते. नळीत पिष्ट जसेच्या तसे असते, पण थेंब पांढरा पडतो आणि मूल लिहिते, 'आम्लात पचन जास्त वेगाने झाले'. शिकवायचे त्याच्या नेमके उलटे. लिंबाऐवजी पांढरे व्हिनेगर घ्यायचे, आणि शेजारी लाळ न घातलेली पिष्ट-व्हिनेगरची नळी ठेवायचीच.

गरम थेंब. पिष्ट-आयोडीनचा निळा रंग तापल्यावर उडतो आणि गार झाल्यावर परत येतो. तुलनेसाठी ठेवलेली उकळलेल्या लाळेची नळी आधी निववायची.

शर्यत. लाळेतल्या अमायलेजचे (पिष्ट तोडणाऱ्या विकराचे) प्रमाण माणसागणिक खूप वेगळे असते, त्यामागच्या जनुकाच्या प्रतीही सगळ्यांत सारख्या नसतात. 'माझे आधी झाले' याला अर्थ नाही. तुलना एकाच लाळेची, वेगवेगळ्या तापमानांना. या पावसात खोलीचे तापमान २३-२४ आहे, तिथे रंग जायला बराच जास्त वेळ लागतो. ३७ साठी हीटर नको, तोंड रुंद असलेला थर्मास पुरतो.

एकाची लाळ दुसऱ्याने हाताळायची नाही. नळ्या नंतर ब्लीचिंगच्या पाण्यात.

१३ जुलै

टेबल २ चा दुसरा भाग : आतड्याची भिंत. डायलिसिस नळी (अतिसूक्ष्म छिद्रांच्या पातळ पडद्याची) १५ सेंटिमीटर, पाण्यात भिजवून मऊ केलेली. आत ५ मिलिलिटर पिष्ट आणि ५ मिलिलिटर २० टक्के ग्लुकोज. बाहेर १०० मिलिलिटर कोमट पाणी. टोक नुसती गाठ मारून बांधले तर हमखास गळते. दुमडून दोऱ्याने आवळायचे आणि नळी बाहेरून नळाखाली धुऊनच पाण्यात सोडायची. भरताना बाहेर लागलेले ग्लुकोज तसेच राहिले तर पहिल्या मिनिटालाच ग्लुकोज तपासायची पट्टी रंग दाखवते. ठरावीक वेळाने बाहेरचे पाणी दोन्ही प्रकारे तपासायचे. ग्लुकोज पट्टीवर दिसते, आयोडीन निळे होत नाही. झाले तर नळी फाटली, सगळे ओतून पुन्हा.

लघवी तपासायच्या ग्लुकोज पट्ट्या औषधाच्या दुकानात मिळतात आणि साखर ओळखणाऱ्या बेनेडिक्टच्या द्रावणापेक्षा सोप्या आहेत, पण त्या फक्त ग्लुकोज ओळखतात. लाळेने पिष्टाचे मुख्यतः माल्टोज होते, पट्टीला ते दिसत नाही. लाळेच्या नळीत पट्टी बुडवून 'साखर नाही' असा निष्कर्ष निघेल. तिथे बेनेडिक्टच हवे, ते माल्टोजलाही विटकरी रंग देते. हा फरक झाकायचा नाही. माल्टोजचे ग्लुकोज करणारे विकर आतड्याच्या आतल्या अस्तरावरच असते आणि तोंडात सुरू झालेले काम तिथे संपते.

पाटीवर हेही : खरे आतडे या नळीइतके निष्क्रिय नसते. तिथे ग्लुकोज सोडियमचा हात धरून पेशीत शिरते, एकाशिवाय दुसरे अडते. जलसंजीवनीच्या पुडीत मीठ आणि ग्लुकोज दोन्ही असण्याचे कारण हेच. लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना असेच द्रावण तोंडाने दिले आणि मृत्यू कितीतरी कमी केले.

१७ जुलै

आषाढी एकादशी, म्हणून उपवासाची पाटी आजच लिहून काढली. साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट, आयोडीनचा थेंब टाकला की काळाभोर. वर दाण्याचे कूट आणि तूप. एकादशी अन् दुप्पट खाशी, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात हा उपवास नव्हेच.

खरा उपवास यकृतापासून सुरू होतो. यकृतात साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन, सुमारे १६०० किलोज्यूल. रात्रभर रक्तातली साखर तेच सांभाळते. स्नायूंत त्याच्या चौपटीच्या आसपास असते, पण स्नायू आपला साठा रक्तात परत देत नाही, स्वतःच वापरतो. मेंदूला दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज लागते. यकृताचा साठा आटला की यकृत अमिनो आम्ले, लॅक्टेट आणि ग्लिसरॉलपासून नवे ग्लुकोज बनवते. उपवास लांबला तर स्निग्धांपासून बनलेली कीटोन द्रव्ये मेंदूचा बराच भार उचलतात. एक किलो मेदऊतीत सुमारे ३२,००० किलोज्यूल असतात, म्हणून सडपातळ माणूसही काही दिवस तग धरतो.

विद्यार्थ्यांना उपाशी ठेवून कुठलाही प्रयोग करायचा नाही. पाटी पुरे.

२२ जुलै

टेबल ३, रक्त. पाच लिटरचा पारदर्शक कॅन, त्यात एक चमचा साखर, पाच ग्रॅम. मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज एवढेच असते. १०० मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम धरले की पाच लिटरला पाच ग्रॅम. त्यातली ऊर्जा सुमारे ८० किलोज्यूल. नुसते बसून राहायला मिनिटाला ५ किलोज्यूल लागतात. दुसरीकडून काही आले नाही तर साठा पाव तासाचा. रक्त हे कोठार नव्हे, नुसती वाहतूक आहे, हे या कॅनमुळे पटते.

शेजारी प्राणवायूचा हिशेब. एक ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिलिलिटर प्राणवायू धरते. १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन १५ ग्रॅम, म्हणजे लिटरला २०० मिलिलिटर प्राणवायू. हृदय मिनिटाला पाच लिटर रक्त फिरवते, म्हणजे १००० मिलिलिटर पोचते आणि त्यातले २५० वापरले जाते. एक लिटर प्राणवायू वापरला की सुमारे २० किलोज्यूल मोकळे होतात, म्हणजे २५० मिलिलिटरचे ५. वरच्या बसण्याच्या आकड्याशी ताळा जुळला.

आता हिमोग्लोबिन ९ धरून तोच हिशेब : लिटरला १२१ मिलिलिटर, मिनिटाला ६०० च्या आसपास. बसल्या जागी २५० पुरतात, काहीच जाणवत नाही. गवताचा भारा घेऊन चढण लागली की धाप लागते, छाती धडधडते, आणि घरचे म्हणतात 'नीट जेवत नाही म्हणून'. पोट भरलेले असते, कमी पडते ते वाहून नेणारे. मुलींसाठी १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, ही रेघ तक्त्यावर लाल रंगात. लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबूपाण्याबरोबर चालते, आणि शौच काळसर होते त्याला घाबरायचे नाही, हेही तिथेच.

स्निग्धांची नळी वेगळी, पिवळी. ते यकृताच्या शिरेतून जात नाहीत. पित्तरसाने बारीक झालेले तेल आतड्याच्या पेशींत पुन्हा जुळते, लसिकावाहिन्यांत शिरते आणि डाव्या खांद्याजवळच्या मोठ्या शिरेत रक्ताला मिळते. ग्लुकोजची लाल नळी मात्र आधी यकृतात. पंप म्हणून कूलरची छोटी मोटर लावली. सांध्यांना तारेऐवजी क्लिप हव्यात, तारेने नळी कापते.

२६ जुलै

टेबल ५, लाकडी स्टूल, उंची ३० सेंटिमीटर. डुगडुगत होते, पायांना फळी ठोकून पक्के केले. मोबाइलवर ठोके मिनिटाला ८०, चार ठोक्यांत एक पूर्ण चढ-उतार, म्हणजे मिनिटाला २०. तीन मिनिटे. दमा, हृदयविकार, ताप, नुकतेच आजारपण, असे कोणी चढायचे नाही. आधी विचारून घ्यायचे.

४८ किलो वजनासाठी : ४८ × ९.८ × ०.३० = १४१ ज्यूल एका चढणीचे. ६० चढण्यांचे ८.५ किलोज्यूल. स्नायू मिळालेल्या ऊर्जेपैकी पाचवा हिस्साच कामात आणतात, बाकीची उष्णता होते. म्हणून अन्नातून लागले सुमारे ४२ किलोज्यूल. २३.७ ने भागले की १.८ ग्रॅम शेंगदाणे. अर्ध्या ग्रॅमचे तीन-चार दाणे! दुपारभर उड्या मारून वजन उतरवायला निघालेल्यांनी हा आकडा जरूर पाहावा.

पण धाप तर लागते. ४२ किलोज्यूलना २.१ लिटर प्राणवायू लागतो, तीन मिनिटांत, म्हणजे मिनिटाला ७०० मिलिलिटर. त्यात बसण्याचे २५० मिळवले की ९५०. बसल्या जागी हृदय मिनिटाला १००० पोचवते, आणि रक्तातला सगळा प्राणवायू काही ओरबाडून घेता येत नाही. नाडी वाढवण्यावाचून शरीराला इलाज नाही. टेबल ३ चा आकडा इथे कामी येतो, म्हणून ही दोन टेबले शेजारी-शेजारी मांडायची.

नाडी थांबल्या थांबल्या १५ सेकंद मोजून चारने गुणायची. पूर्ण मिनिट मोजत बसले तर तेवढ्यात ती उतरते आणि वाढ कमी दिसते. अंगठ्याने मोजायची नाही, अंगठ्याला स्वतःची नाडी जाणवते.

टेबल ४ (चुन्याची निवळी) सरळ आहे. पानाचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर निवळू द्यायचा, वरचे स्वच्छ पाणी घ्यायचे. नळीतून फुंकायचे, ओढायचे नाही. बसून आणि स्टुलानंतर, श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने निवळी दुधाळ व्हायला लागलेला वेळ लिहायचा. फुंकतच राहिले तर दुधाळपणा पुन्हा जातो, म्हणून पहिल्या बदलालाच थांबायचे.

३० जुलै

शेवटची पाटी : स्नायूत ऊर्जा कोणत्या चलनात खर्च होते. इथे तालमी आहेत, म्हणून उदाहरण कुस्तीचे. पट काढायचा तो दोन-तीन सेकंदांचा मामला. तेवढ्यात रक्ताने प्राणवायू आणून देण्याची वाट पाहता येत नाही. स्नायूतले एटीपी (पेशी ऊर्जा ज्या रूपात खर्च करते ते द्रव्य) काही सेकंदांत संपते, ते लगेच भरून देते क्रिएटीन फॉस्फेट, तेही दहाएक सेकंद. पुढे ग्लायकोजेन प्राणवायूविना लॅक्टेटपर्यंत तुटते, त्यावर मिनिट-दोन मिनिटे जोर टिकतो. मॅटवरच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांचे दोन भाग आणि मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती असते. दुसऱ्या भागात जो टिकतो त्याचे प्राणवायूचे खाते भक्कम असते. सावकाश, प्राणवायूसह जळताना एका ग्लुकोजपासून ३० ते ३२ एटीपी, प्राणवायूविना फक्त २.

क्रिएटीन फॉस्फेट १९२७ मध्ये फिस्के आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी हार्वर्डमध्ये ओळखले. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. एटीपीवर जर्मन शास्त्रज्ञ लोमानचे काम १९२९ चे, आणि त्याच सुमारास या दोघांनीही ते स्वतंत्रपणे वेगळे केले. आपल्या पुस्तकांत हे नाव क्वचितच येते, म्हणून पाटीवर मोठ्या अक्षरात.

'लॅक्टिक ॲसिड साचते म्हणून दुसऱ्या दिवशी अंग दुखते' हे वाक्य मसुद्यातून काढले. लॅक्टेट तासाभरात रक्तातून निघून जाते, काही यकृतात जाऊन पुन्हा ग्लुकोज होते. दुसऱ्या दिवसाची दुखण स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेची.

३ ऑगस्ट

बांधाबांध. काचेच्या नळ्या भाताच्या तुसात, लाकडी खोक्यात. जांबोटीकडच्या रस्त्यावर खड्डे आहेत, वर्तमानपत्राचा कागद पुरत नाही. स्पिरिट वेगळ्या खोक्यात, दिवा रिकामा करून. आयोडीन गडद बाटलीत. पिष्टाचे द्रावण तयार करून पाठवायचे नाही, या हवेत दोन दिवसांत आंबते. एकेक ग्रॅमच्या पुड्या करून दिल्या, शाळेत गेल्यावर उकळायच्या. ग्लुकोज पट्ट्यांच्या डबीचे झाकण वापरून झाले की लगेच बंद, दमट हवेत पट्टी आपोआप रंग बदलते. डबी उघडल्याची तारीख झाकणावर लिहायला जागा सोडली आहे.

बाकी : टेबल ३ च्या क्लिप अजून मिळायच्या आहेत. तोवर पंप सुरू करायचा नाही, नळ्या नुसत्या मांडून दाखवायच्या.